व्हॅनमधली झोप गादीखालून ठरते

कॅम्परव्हॅनमधली, म्हणजे आत झोपायची सोय केलेल्या गाडीतली, आमची पहिली रात्र. गादी नवीकोरी, जाडजूड, हात फिरवला तरी झोप यावी अशी. वर दोन दुलया. तरीही पहाटे तीनला मी उठून बसले होते, कारण पाठीला खालून कोणीतरी बर्फाची लादी लावल्यासारखं वाटत होतं. सकाळी गादी उचलली तर खालचं प्लायवूड ओलंगच्च. छप्पर गळतंय असं समजून आम्ही अर्धा दिवस भोक शोधत बसलो. गळत काहीच नव्हतं. ते पाणी आमचंच होतं.

दोन माणसं रात्रभर बंद गाडीत झोपली की श्वासातून आणि कातडीतून अर्धा लिटरच्या आसपास तरी पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतात. ही वाफ थंड जागा शोधते. काचा आपल्याला दिसतात म्हणून त्या आपण पुसतो, पण वाफ गादीतूनही खाली झिरपते आणि गार फळीला लागली की तिथे तिचं पाणी होतं. आठवडाभर गादी हलवली नाही तर काळे ठिपके दिसू लागतात, मग कुबट वास, आणि एकदा बुरशी फोममध्ये शिरली की ती गादी टाकूनच द्यावी लागते. म्हणून कोणी मला व्हॅनसाठी गादी कुठली घेऊ विचारलं की मी आधी विचारते, गादीच्या खाली काय आहे?

सलग फळी असेल तर हवा खेळायला वाव करा. सगळ्यात चांगल्या लाकडी पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये तीन ते पाच सेंटीमीटर फट ठेवून. फट त्याहून मोठी ठेवली तर फोम तिच्यात उतरतो आणि काही महिन्यांत गादीला कायमच्या खाचा पडतात. खाली सामानाचे खण असतील आणि पट्ट्या जमत नसतील, तर फळीला मोठी भोकं पाडा आणि गादीखाली जाळीदार, स्प्रिंगसारखा दबणारा थर अंथरा. बोटींमधल्या गाद्यांखाली असाच थर घालतात. गादी आणि फळी यांच्यात सेंटीमीटरभर जरी हवा राहिली तरी फरक पडतो. नुसतं प्लास्टिक किंवा रबराची चटई मात्र टाकू नका. तिने फळी कोरडी राहते, पण गादी भिजते. आम्ही तेही करून पाहिलं आहे.

आता मापं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण व्हॅनमध्ये उलटी चालवायची. आधी पाय पसरून बघा, मग अंथरूण कापा. सगळ्यात उंच माणसाच्या उंचीत दहा सेंटीमीटर मिळवा, कारण उताणं झोपल्यावर पावलं सैल पडतात आणि बोटं पुढे जातात. गाडीच्या आडव्या बाजूने झोपायचं असेल तर माप भिंतीचं अस्तर आणि इन्सुलेशन (थंडी-उकाडा अडवणारा थर) बसवल्यानंतर घ्या. नुसत्या पत्र्यापासून घेतलेलं माप नंतर फसवतं. दोघांना १२० सेंटीमीटर रुंदीत झोपता येतं, १३५ मध्ये भांडण न होता झोपता येतं. पायांकडे पलंग थोडा अरुंद असला तरी चालतो, खांद्यांकडे चालत नाही. आणि उंचीही मोजा. पलंगावर ताठ बसल्यावर डोकं छताला लागता कामा नये, तेव्हा गादी जितकी जाड घ्याल तितकी बसायची जागा कमी होते, हे गादीच्या दुकानात कोणाच्याच लक्षात येत नाही.

गादीची जाडी दहा ते बारा सेंटीमीटर पुरे. कुशीवर झोपणाऱ्यांना आठच्या आत गेलं की कंबरेचं हाड फळीला टेकतं. पण जाडीपेक्षा फोमची घनता महत्त्वाची. दर घनमीटरला ३५ किलो किंवा त्याहून जास्त घनतेचा फोम मागा. हलका फोम दुकानात मऊ लागतो आणि वर्षभरात मध्ये खळगा पडतो. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात ठेवा. जास्त घनतेचा फोम मऊही मिळतो. माझी पाठ नाजूक आणि नवऱ्याचं वजन भरपूर, म्हणून आम्ही खाली आठ सेंटीमीटर कडक आणि वर चार सेंटीमीटर मऊ थर घेतला. दोन थर वेगळे असल्याचा आणखी एक फायदा म्हणजे वाळवायला सोपे जातात. फोम मी घरीच कापला, लांब पात्याच्या दातेरी सुरीने, न दाबता, लांबलांब हात चालवत. मागच्या चाकांवरच्या उंचवट्याचा आकार आधी वर्तमानपत्रावर काढून घेतला होता.

मेमरी फोमबद्दल एक सांगते. घरात तो अंगाचा आकार घेतो, पण थंडीत कडक होतो. गार गाडीत त्यावर आडवं झालं की पहिली दहा-पंधरा मिनिटं फळीवर झोपल्यासारखी जातात. थंड भागात फिरणार असाल तर तो चारेक सेंटीमीटरच्या वरच्या थरापुरताच ठेवा, किंवा लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, घ्या. लॅटेक्स जड असतं, उचलताना खांदे भरून येतात, पण थंडीत बदलत नाही आणि उकाड्यात अंगाला चिकटत नाही.

बाकांच्या गाद्या जोडून पलंग करत असाल तर सांधे टोचणारच. त्यावर उपाय एकच, वरून अंथरायची पाच सेंटीमीटरची सलग पातळ गादी. ती दिवसा गुंडाळून ठेवायला जागा आहे का, ते आधी बघा.

हवेच्या गाद्या मला आवडत नाहीत, पण कधीमधी जाणाऱ्यांसाठी त्यात काही वाईट नाही. फक्त दोन गोष्टी. रात्री गारवा वाढला की आतली हवा आकसते आणि पहाटे गादी सैल लागते. लोकांना वाटतं पंक्चर झाली. आणि पोकळ गादीतली हवा आत फिरत राहून अंगाची ऊब खालच्या थंड फळीकडे नेते. आत फोम असलेली, आपोआप फुगणारी गादी या बाबतीत बरीच बरी. अशा गाद्यांवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा छापलेला असतो. खालून येणारी थंडी गादी किती अडवते ते तो सांगतो. शून्याच्या आसपासच्या रात्रींसाठी ४ किंवा त्याहून वरचा आकडा बघा. दोन थर एकावर एक टाकले तर आकड्यांची बेरीज होते.

पांघरुणाकडे आपण सगळं लक्ष देतो, पण त्याची हद्द ओळखा. स्लीपिंग बॅगमधलं भरण अंगाखाली दबतं, आणि दबलेल्या भरणात हवा उरत नाही, म्हणजे ऊबही नाही. म्हणूनच माझ्या त्या पहिल्या रात्री दोन दुलया असूनही पाठ गोठली. स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ हेच खरं धरा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल इतकंच, झोप लागेल असं नव्हे. पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण ओल धरली की चपटी होते. दमट गाडीत रोज वापरायची तर कृत्रिम भरण कमी कटकटीचं. आम्ही आता सरळ दुलई वापरतो, प्रत्येकाची वेगळी. एकाला उकडतं तेव्हा दुसऱ्याला थंडी वाजते, हे लग्नाइतकंच जुनं आहे. फार गारठ्यात दुलईखाली लोकरीचं पांघरूण येतं. लोकर बरीच ओल शोषूनही थंड लागत नाही.

चादर सुती, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली. तिरप्या कोपऱ्यांच्या गादीला तयार चादर बसत नाही, तेव्हा शिवूनच घ्या. उकाड्याच्या दिवसांत मखमली किंवा नायलॉनच्या खोळीवर झोपणं म्हणजे शिक्षा.

उशी घरचीच न्या. यावर मी जास्त बोलणार नाही.

अंथरूण कितीही चांगलं असलं तरी गाडी तिरकी उभी असेल तर झोप येत नाही. पलंगावर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा, पाणी कुठे जातं ते दिसेल. डोकं पायांपेक्षा किंचित वर असू द्या, उलटं नको. आणि झोपताना खिडकी किंवा छतावरचा झरोका बोटभर उघडा, थंडी असली तरी. ऊब हवी म्हणून आत गॅसची शेगडी पेटवून झोपू नका. त्यातून पाण्याची वाफ तर वाढतेच, शिवाय बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो, आणि त्याला वास नसतो. त्याऐवजी गरम पाण्याची पिशवी पायांशी आणि डोक्याला टोपी.

निघण्याआधी दोन रात्री गाडी घराबाहेर उभी करून तिच्यात झोपा. दुकानात पाच मिनिटं आडवं होऊन काही कळत नाही. पाठ चौथ्या तासाला बोलते. दुसऱ्या सकाळी गादीचा कोपरा उचलून खाली हात फिरवा. कोरडं लागलं तर निघा. प्रवासातही रोज सकाळी चहा होईपर्यंत गादी एका बाजूने उभी करून ठेवा.

आणि भिंतीकडे कोण झोपणार, तेही त्या दोन रात्रींत ठरवून टाका. ती बाजू गार असते आणि रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. आमच्याकडे तिथे नवरा झोपतो.