मागच्या शॉकची सेटिंग: आधी सॅग, मग क्लिकर

ऑफ-रोड बाइकचं मागचं चाक खड्ड्यावर उसळलं की हात पहिल्यांदा क्लिकरकडे, म्हणजे शॉकचं दबणं-उसळणं मंद किंवा जलद करणाऱ्या स्क्रूंकडे, जातो. पण सॅग चुकलेला असेल, तर क्लिकर कितीही फिरवले तरी गाडी सुधारत नाही. सॅग म्हणजे वजनाने मागची बाजू किती खाली बसते ते माप.

मोजण्याआधी स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) आणि लिंकेज (त्याला शॉकशी जोडणारे दुवे) यांचे बेअरिंग तपासा. ते कोरडे पडले असतील किंवा चेन फार ताणलेली असेल, तर माप खोटं येतं. टाकीत नेहमीइतकं पेट्रोल ठेवा.

बाइक स्टँडवर चढवून मागचं चाक अधांतरी ठेवा. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर मार्करने खूण करा आणि अंतर घ्या. समजा ६१० मिमी आलं. आता गाडी जमिनीवर उभी करा, मागून दोन-तीनदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा: ५७५. म्हणजे मोकळा सॅग ३५ मिमी. मग हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असं सगळं चढवून नेहमीच्या जागी बसा, एकाने हँडल धरावं, दुसऱ्याने मोजावं: ५०८. म्हणजे रायडर सॅग १०२. साधारण ३०० मिमी ट्रॅव्हलच्या (चाकाच्या वर-खाली हालचालीच्या) गाडीला रायडर सॅग १०० ते १०५ आणि मोकळा ३० ते ४० हवा. ट्रॅव्हल कमी असेल तर रायडर सॅग त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास धरा.

रायडर सॅग जुळवायचा तो प्रीलोडच्या रिंगने, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबलेली असेल ते ठरवणाऱ्या रिंगने. आधी आटे ब्रशने घासून स्वच्छ करा, नाहीतर वाळू अडकून ॲल्युमिनियमचे आटे कापले जातात. लॉक रिंग सैल करा, स्प्रिंगवर रंगाचा ठिपका लावा आणि फेरे मोजा. रिंगबरोबर स्प्रिंगही फिरते, म्हणून ठिपका उपयोगी पडतो. लिंकेज असलेल्या बऱ्याच गाड्यांत एका फेऱ्याला सॅग साधारण ३ मिमीने बदलतो. घट्ट केलं की सॅग कमी होतो.

इथे बरेच जण उलटा अर्थ लावतात. रायडर सॅग १०२ वर आणला आणि मोकळा फक्त २० राहिला, तर स्प्रिंग कडक नाही, तुमच्या वजनाला मऊ आहे. मऊ स्प्रिंग रायडरला पेलायला इतकी आवळावी लागली की रिकाम्या गाडीला बसायला जागाच उरली नाही. मोकळा ५० आला तर स्प्रिंग कडक आहे. दोन्ही वेळा स्प्रिंगच बदलावी लागते, प्रीलोडने भागत नाही.

आता क्लिकर. प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, जोर लावू नका, सुई खराब होते. तिथून बाहेर क्लिक मोजत मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. एका वेळी एकच स्क्रू, तोही दोन क्लिक, आणि तीच वाट पुन्हा चालवा. उडीच्या चढावर मागची बाजू फेकली जात असेल तर खालचा रिबाउंडचा (दबलेला शॉक परत उसळण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू आत घ्या. सलग खड्ड्यांत मात्र गाडी दर धक्क्याला आणखी खाली बसत गेली आणि मग दगडासारखी आदळू लागली, तर रिबाउंड फार मंद आहे, स्क्रू बाहेर काढा. मोठ्या उडीवरून उतरताना तळ लागत असेल तर हाय-स्पीड कम्प्रेशन (शॉक झटकन दबतानाचा विरोध) पाव फेरा वाढवा.

क्लिकर फिरवून काहीच फरक जाणवत नसेल, तर बहुधा शॉकचं ऑइल जुनं होऊन खराब झालेलं असतं. शॉक घरी उघडू नका: त्याच्या छोट्या टाकीत सुमारे १० बार दाबाचा नायट्रोजन असतो.