जुनं जपताना या चुका टाळा, आणि लॅमिनेशनचं मशीन आधी लपवा

आपल्या वस्तीचा इतिहास जपणाऱ्या मंडळात मी बरीच वर्षं आहे. दर वर्षी नवे लोक येतात आणि जुन्याच चुका नव्या हौसेने करतात. चुकांचं एक वेळ सोडा, राग येतो तो घाईचा. साठ वर्षं ट्रंकेत सुखाने पडून राहिलेला कागद आपल्या हाती लागला की दोन दिवसांत त्याची वाट लागते.

लॅमिनेशन

आमच्याकडे वस्तीतल्या वाचनालयाच्या पहिल्या सभेचं हस्तलिखित इतिवृत्त होतं. चार पानं, खाली सह्या. शनिवारी प्रदर्शन होतं. गुरुवारी एका उत्साही सभासदाने, कुणालाही न विचारता, चारही पानं लॅमिनेट करून आणली. पानं छान चकचकीत दिसत होती. लोकांनी कौतुकही केलं. शेवटच्या पानाचा उजवा कोपरा मात्र दुमडलेला होता आणि तो तसाच दाबला गेला. त्या घडीखाली एक सही आहे. कुणाची, ते आता कुणालाच वाचता येत नाही, कारण त्या पानांचं स्कॅनही आधी केलेलं नव्हतं.

कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, प्लास्टिक काढायचा प्रयत्न करता येईल, पण शाई कागदावर राहील की प्लास्टिकबरोबर येईल, ते सांगता येत नाही. पानं खोक्यात परत गेली.

लॅमिनेशनच्या प्लास्टिकला आतून चिकट थर असतो. शंभर अंशांच्या वर तापला की तो वितळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. मग कागद आणि प्लास्टिक वेगळं राहत नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा बराचसा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा आहे. त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं. लॅमिनेशन ते थांबवत नाही, उलट आत कोंडून ठेवतं.

या मोहात जाणकारही पडले होते. अमेरिकेत कागद-संवर्धक विल्यम बॅरो यांनी १९३० च्या दशकात उष्णता आणि दाब वापरून सेल्युलोज अॅसिटेट या प्लास्टिकचं लॅमिनेशन सुरू केलं. मोठमोठ्या अभिलेखागारांनी, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थांनी, ते उचललं, आणि पुढच्या पिढीतल्या संवर्धकांच्या नशिबी तेच प्लास्टिक सोडवणं आलं. बॅरो निदान पुढे पुढे कागदातलं आम्ल आधी काढून घेत असत. आपण तेवढंही करत नाही.

मी काय करतो? आधी स्कॅन. मग घड्या हलक्या हाताने उलगडायच्या, गंजकी पिन अलगद काढायची आणि कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सरकवायचा. हे पाकीट कागदाला कुठेच चिकटत नाही, हवं तेव्हा बाहेर काढता येतं. प्रदर्शनात रंगीत प्रत लावायची. मूळ कागद पाहायला कुणी हट्टच धरला तर त्याला खुर्चीवर बसवून दाखवायचा.

सेलोटेपबद्दल एवढंच: त्यातला गोंद पिवळा पडतो, पाझरतो, कागदावर तपकिरी डाग ठेवतो आणि पट्टी मात्र गळून पडते. फाटलेला कागद फाटलेलाच ठेवा. जोडायचाच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि तेही शिकलेल्या हातानेच.

चिकट पानांचे अल्बम नकोत. पीव्हीसीची पाकिटंही नकोत. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने कडेला लिहा. नव्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा. वर्तमानपत्राचं कात्रण फोटोला टेकवून ठेवू नका. जुन्या फिल्मच्या डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर तो डबा आजच इतरांपासून लांब करा. आणि कागद हाताळताना ते पांढरे सुती हातमोजे घालून मिरवू नका. बोटांना काही कळेनासं होतं आणि कागद फाटतो. स्वच्छ, कोरडे हात पुरतात. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे वापरा.

नोंद नंतर करू

हे वाक्य ऐकलं की मी उठून उभा राहतो. आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे इथे मला बोलायचा हक्क आहे.

सुरुवातीला तीन घरांतून आम्हाला फोटो मिळाले. एका सुट्टीत आम्ही चौघे बसलो आणि मोठ्या हुशारीने ते ‘विषयवार’ लावले. शाळेचे एका गठ्ठ्यात, लग्नांचे दुसऱ्या, इमारतींचे तिसऱ्या. संध्याकाळी टेबल इतकं नीटनेटकं दिसत होतं की आम्ही त्याचाही फोटो काढला. दोन वर्षांनी त्यातल्या एका घरातली नात आली. आजीचे फोटो बघायचे होते. आजी कशी दिसायची ते तिलाही नक्की ठाऊक नव्हतं, आणि कुठले फोटो त्यांच्या घरचे ते आम्हाला सांगता येईना. एकाच माणसाच्या दोन फोटोंवर दोन वेगळी नावं निघाली, दोन्ही आमच्याच हस्ताक्षरात. ती पोर काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

अभिलेखागारात दोन नियम पाळतात: एका घराचं दुसऱ्या घरात मिसळायचं नाही, आणि ज्या क्रमाने आलं तो क्रम मोडायचा नाही. ट्रंकेत कुठला फोटो कुठल्या पत्राशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. विषयवार शोधायचं असेल तर ती सूची कागदावर करा, खोक्यात हात घालू नका.

माझ्याकडे एक जाड बांधणीची वही आहे. वस्तू दारातून आत आली की टेबलावर ठेवण्याआधी तिच्यात ओळ पडते: क्रमांक, कुणाकडून, कधी, किती नग, कुठल्या अवस्थेत, आणि दान की उसनं. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. “राहू दे तुमच्याकडेच” म्हणजे दान नव्हे. पाच वर्षांनी मुलगा दारात उभा राहतो, आणि त्याचं काही चुकत नाही. एका ओळीचं पत्र, खाली सही, एक प्रत त्यांना. संगणकावर तक्ता जरूर करा. मी करतो, वहीनंतर. नवे सभासद वही बघून हसतात. हसू देत.

भिंतीला सिमेंट

चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवण्यासाठी स्वयंसेवक एका पायावर तयार असतात. चुना मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंट टणक असतं, ते ओल अडवतं. मग ती ओल विटांतून बाहेर पडते, क्षार फुलतात, विटांचे चेहरे झडतात, आणि तुमचं सिमेंट तेवढं शाबूत राहतं.

मोठ्या ठिकाणीही हेच झालंय. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते निकोलाओस बालानोस यांनी दगड जोडायला लोखंडी आकडे वापरले. प्राचीन ग्रीकांनीही लोखंडच वापरलं होतं, पण त्याभोवती शिसं ओतलं होतं. ती पायरी गाळली गेली. लोखंड गंजून फुगलं आणि संगमरवर फुटला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामात ते आकडे काढून टायटॅनियमचे बसवावे लागले. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आमच्या बैठकीत मी ते वाचून दाखवतो, मग लोक चहाचं बघायला उठतात.

भेग दिसली तर फोटो काढा, तारीख टाका, तीन महिन्यांनी पुन्हा काढा. ती वाढतेय का, ते कळल्याशिवाय थापी हातात घेऊ नका.

मुलाखती

वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायला बसलात की पंखा बंद करा. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. “कुठल्या साली?” असं विचारू नका, माणूस परीक्षेला बसल्यासारखा आखडतो. त्याऐवजी एखादा जुना फोटो पुढे ठेवा, किंवा कोऱ्या कागदावर गल्लीचा नकाशा काढायला सांगा आणि गप्प बसा. नव्या लोकांना हे गप्प बसणंच जमत नाही. दोन सेकंद शांतता झाली की ते पुढचा प्रश्न टाकतात, आणि आजोबांच्या ओठावर आलेलं परत आत जातं. वापराची परवानगी त्याच बैठकीत लेखी घ्या, आणि फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच कुणाच्या घरी ठेवा.

यंत्र बंद झालं की माणूस मोकळा होतो, हा दर वेळचा अनुभव. म्हणून “अजून चालू आहे हं” असं सांगून मी नुसती वही मिटतो आणि आणखी दहा मिनिटं बसून राहतो.