स्पर्धेसाठी राग ठरवण्याआधी

मुलांच्या शास्त्रीय गायन स्पर्धेचं पत्रक आलं की घरात आधी चर्चा रंगते ती रागाची. ती जरा बाजूला ठेवा. गायला किती मिनिटं आहेत आणि तंबोरा-तबला मिळवण्याचा वेळ त्यातच धरलाय का, हे आधी वाचा. सात मिनिटं असतील तर विलंबित एकतालाचा, म्हणजे अगदी संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाचा, मोह सोडा. मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, ४८ सेकंदांचं होतं, म्हणजे सगळी मिळून जेमतेम नऊ आवर्तनं. बंदिशीच्या (रागात बांधलेल्या गीताच्या) स्थायी-अंतऱ्यात, म्हणजे तिच्या दोन भागांत, दोन-तीन गेली की आलापाला उरतं काय? त्यापेक्षा मध्यलय त्रितालातली एक बंदिश, चार सुबक आलाप आणि गळ्याला झेपतील तेवढ्या ताना पुरेत.

मग फेरी कधी आहे ते पाहा. समयाचा, म्हणजे राग त्याच्या ठरलेल्या वेळीच गाण्याचा, आग्रह सगळीकडे नसतो, म्हणून फोन करून विचारावं. फेरी सकाळची निघाली आणि मुलीचा रात्रीचा राग भूप बसलेला असला की हमखास सूचना येते, "सूर तेच आहेत, सकाळचा देसकार म्हणून गाऊ द्या ना!" सूर तेच पाच, सा रे ग प ध, हे खरं. पण भूप गंधारावर विसावतो आणि देसकाराचा जीव असतो धैवतात, उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात. भूपात मुरलेला गळा सवयीने ‘ग’वर जाऊन बसणार, आणि परीक्षकांच्या ते लगेच ध्यानात येणार. सकाळी भैरव किंवा अल्हैया बिलावल, दुपारी वृंदावनी सारंग किंवा भीमपलास, संध्याकाळी यमन, यांतला जो वर्षभर घोटलाय तो घ्या. मारवा, पूरिया, सोहनी ही एकाच सुरांची भावंडं. कच्च्या गळ्यात एकातून दुसरा कधी डोकावेल सांगता येत नाही. त्यांना अजून दोन वर्षं द्या.

पट्टी, म्हणजे ‘सा’ कोणत्या सुराला धरायचा ते, मात्र आजच्या आवाजावर ठरवा. माझ्या एका विद्यार्थ्याची बंदिश जूनमध्ये ठरली, तेव्हा अंतऱ्यातला तार गंधार सहज लागत होता. सप्टेंबरपर्यंत आवाज फुटला, तरी आम्ही पट्टी बदलली नाही. माझाच हट्ट. व्यासपीठावर तो तार षड्जालाच अडखळला आणि पुढचा अंतरा त्याने डोळे मिटून कसाबसा संपवला. तेव्हापासून तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची पट्टी मी दर आठवड्याला तपासते, आणि अंतरा सकाळी, गळा तापायच्या आत गाऊन घेते.

बंदिशीचे शब्द वाचा, अर्थ विचारा. दहा वर्षांच्या मुलीने सवतीची तक्रार आळवली की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. ऋतूंच्या, कृष्णाच्या, देवीच्या बंदिशी भरपूर आहेत.

मालकंस घेतला असेल तर पंचम वर्ज्य, म्हणजे ‘प’ लागतच नाही. म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावायची. ॲपचा तंबोरा असेल तर तिथेही ‘म’ निवडा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन आलापात मावशीचा फोन येतो.

अनोळखी तबलजींबरोबर एकदा तरी गाऊन बघायला मिळालं तर उत्तम. नाहीच जमलं, तर पट्टी, ताल आणि बंदिशीची सुरुवात सांगणारी एक चिठ्ठी लिहून बॅगेत ठेवा: काळी चार, मध्यलय त्रिताल, मुखडा नवव्या मात्रेपासून. व्यासपीठावर बसता बसता ती त्यांच्या हातात द्यायची आणि लय स्वतः टाळी देऊन दाखवायची.