एका सेन्सरवर विसंबलेली बॅटरी

अकोल्यातील आमच्या घरी सौर इन्व्हर्टरला जोडलेली लिथियम आयर्न फॉस्फेटची 16 सेलची बॅटरी आहे. मे महिन्यात तिचा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून चार्जिंग चालू-बंद करणारे सर्किट) 38 अंश दाखवत असतानाच मधल्या सेलना हात लावला, तर ते बरेच अधिक तापलेले जाणवले. बीएमएसचा एकमेव सेन्सर कडेच्या, म्हणजे वारा लागणाऱ्या सेलवर चिकटवलेला होता आणि चार्जिंग थांबवण्याचा 45 अंशांचा निर्णय त्याच्याच भरवशावर होत होता.

मी डीएस18बी20 नावाचे चार डिजिटल तापमान सेन्सर घेतले. प्रत्येकाला स्वतःचा 64 बिटांचा पत्ता असल्याने ते सर्व एकाच डेटा तारेवर चालतात. त्या तारेला आणि 3.3 व्होल्टला जोडणारा 4.7 किलोओहमचा रोधक मात्र हवाच. दोन सेन्सर मधल्या सेलवर, एक इन्व्हर्टरच्या बाजूला आणि एक सर्वांत खाली बसवला. प्रत्येक सेन्सर कॅप्टॉन या उष्णता सहन करणाऱ्या टेपने सेलच्या अंगाला घट्ट टेकवला, कारण हवेत लोंबणारा सेन्सर सेलचे नव्हे, हवेचे तापमान सांगतो.

सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये सरासरी घेण्याचा मोह मी टाळला, कारण सरासरीत तापलेला सेल झाकला जातो. चार्जिंग थांबवण्यासाठी सर्वाधिक वाचन, तर शून्य अंशाखाली चार्ज न होऊ देण्यासाठी सर्वांत कमी वाचन धरले. वायर तुटल्यास प्रोग्राममधली लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) उणे 127 देते आणि वीज नुकतीच मिळालेला सेन्सर 85 दाखवतो. ही दोन्ही वाचने तापमान न मानता, ती सलग तीनदा आल्यास बिघाड समजून चार्जिंग बंद होते.