कमी वजनाचं बाळ आधीच ओळखणारं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

एक्युरसी, म्हणजे मॉडेलची किती उत्तरं बरोबर आली ते प्रमाण, ९८ टक्के आली की लगेच रिपोर्ट लिहायला बसू नका, आधी कॉलमची यादी नीट बघा. शिकणारे बरेचजण आर या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मास पॅकेजचा बर्थडब्ल्यूटी डेटा घेतात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या बेस्टेट मेडिकल सेंटरमधला, १९८६ चा, १८९ बाळंतपणं. त्यात लो नावाचा ०-१ चा कॉलम आहे (१ म्हणजे बाळ २५०० ग्रॅमच्या खालचं) आणि शेवटी बीडब्ल्यूटी, म्हणजे बाळाचं ग्रॅममधलं वजन. लो हा त्या वजनावरूनच काढलाय, त्यामुळे बीडब्ल्यूटी काढायला विसरलात तर मॉडेलच्या हातात उत्तरपत्रिकाच दिली की! शिवाय आईचं वजन पौंडात आहे, त्यात आपल्याकडचे किलो मिसळले तर पंचेचाळीस पौंडाच्या बाया तयार होतात.

हे तरी पटकन सापडतं. खरी गोची पुढे आहे.

तुमच्या स्वतःच्या डेटात प्रसूतीच्या वेळी किती आठवडे भरले होते हा कॉलम ठेवला की मॉडेल मस्त चालतं, कारण ३७ आठवड्यांच्या आत झालेलं बाळ बरेचदा लहान असतं. पण विसाव्या आठवड्यात तपासायला आलेल्या बाईचे किती दिवस भरणार हे तेव्हा कुणाला माहितीये? एवढं बऱ्याच जणांच्या लक्षात येतं, तपासण्यांच्या संख्येचं मात्र येत नाही. एकूण तपासण्या, एकूण लोहाच्या गोळ्या, गरोदरपणात वाढलेलं वजन, हे सगळे आकडे बाळंतपण झाल्यावरच पूर्ण होतात. जी बत्तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली तिच्या पुढच्या तपासण्या व्हायच्याच राहिल्या, म्हणून आकडा कमी, आणि आपण स्लाईडवर लिहून मोकळे की तपासण्या कमी म्हणून वजन कमी. एक आठवडा ठरवा, समजा २४ वा, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तोपर्यंत जे लिहिलं गेलंय तेवढंच घ्या. स्कोअर धाडकन पडेल. पडू द्या, तोच खरा आहे.

एक्युरसीचं म्हणाल तर वरच्या १८९ मधे कमी वजनाची ५९ आहेत, सगळ्यांना नॉर्मल म्हटलं तरी जवळपास ६९ टक्के येतात. रिकॉल बघा, म्हणजे खरोखर धोक्यातल्या किती जणी पकडल्या ते. आणि स्मोट (कमी असलेल्या गटाच्या कृत्रिम नोंदी तयार करणारी पद्धत) वापरणार असाल तर आधी ट्रेन-टेस्ट, म्हणजे मॉडेलला शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदी, वेगळं करा मग फक्त ट्रेनवर वापरा, उलटं केलं तर टेस्टमधल्या बायकांची छाप ट्रेनमधे उतरते. एकाच आईची दोन बाळंतपणं असतील तर तीही एकाच बाजूला.

हिमोग्लोबिन रिकामं दिसलं की सरासरी भरून टाकायची सवय सोडा बुवा. ते रिकामं असतं कारण बहुतेकदा ती बाई आलीच नाही किंवा तपासणी झालीच नाही, तीच माहिती आहे, त्याचा वेगळा कॉलम करा.

आता लेबल, म्हणजे मॉडेलला शिकवायचं उत्तर: कमी वजन की नॉर्मल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) मधे वजन माहीत असलेल्या बाळांपैकी साधारण १८ टक्के २५०० ग्रॅमच्या खाली आहेत, पण ती वजनं काही कार्डावरची, काही आईच्या आठवणीतली. हिस्टोग्राम (कुठल्या वजनाची किती बाळं ते दाखवणारा आलेख) काढलात तर बरोब्बर अडीच आणि तीन किलोवर सुळके दिसतील. २४५० चं बाळ "अडीच किलोचं" म्हणून सांगितलं की लेबल नॉर्मल, कारण व्याख्या २५०० च्या खालची आहे. म्हणून फक्त कार्डवाल्या नोंदींवर मॉडेल वेगळं चालवा आणि दोन्ही निकाल शेजारी-शेजारी द्या, एकच दाखवू नका.