अपंग पगार नामंजूर झाला तर अपील कसे करावे

कर्नाटकात अपंग पगाराच्या, म्हणजे दिव्यांगांच्या मासिक पेन्शनच्या, नामंजुरीचा कागद हातात पडला की गावात पहिला सल्ला मिळतो, ‘आमदाराचं पत्र आण.’ दुसरा सल्ला, ‘पुन्हा नवा अर्ज टाक.’ दोन्ही ऐकू नका. आमदाराच्या पत्राने अपंगत्वाची टक्केवारी वाढत नाही. नवा अर्ज त्याच कारणाने परत येतो आणि मधल्या काळात अपिलाची मुदत निघून जाते.

नकार कुणाचा, ते आधी बघा

या पगाराला दोन ठिकाणचा होकार लागतो. सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते. ती किमान 40 हवी. त्यानंतर तहसीलदार ती टक्केवारी, उत्पन्न आणि रहिवास पाहून पगार मंजूर करतो. कार्ड आले म्हणजे काम झाले, असे बरेच जण समजतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंग पाहा: पांढरे 40 च्या खाली, पिवळे 40 पासून 80 च्या आत, निळे 80 आणि पुढे. पांढरे कार्ड घेऊन नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालच्या स्थानिक कार्यालयात, गेलात तर नकार ठरलेलाच आहे.

तहसीलदाराने उत्पन्न, पत्ता किंवा नावातल्या फरकावरून नाकारले असेल तर काम सोपे आहे. आपल्याकडे आधार एका स्पेलिंगचे, रेशन कार्ड कन्नडमध्ये आणि शाळेचा दाखला मराठीत, त्यामुळे नाव जुळत नाही ही नेहमीची अडचण. कागद दुरुस्त करा, पावतीवरचा ‘सकाल’चा (ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकच्या कायद्याचा) नंबर घाला आणि नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा प्रांताकडे, अपील द्या. अर्ज नाकारलाही नाही, मंजूरही केला नाही, नुसता पडून आहे, तरी ठरलेली मुदत संपल्यावर हेच अपील चालते.

टक्केवारीच कमी पडली असेल तर प्रांताकडे जाऊन उपयोग नाही. त्यांना टक्केवारी बदलण्याचा अधिकारच नाही. हे अपील दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 59 खाली, राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाते. त्या प्राधिकाऱ्याचे नाव आणि मुदत बेळगावातल्या जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्याच्या कार्यालयातून लिहून घ्या, तोंडी नको. पंचायतीतला पुनर्वसन कार्यकर्ता ही माहिती काढून देऊ शकतो, ते त्याचे कामच आहे. टक्केवारी कशी काढली ते दाखवणारा तपासणीचा तक्ता हातात यायचा असला तरी थांबू नका. एका पानाचे अपील लगेच देऊन ‘सविस्तर कारणे आणि अहवाल मागाहून जोडत आहे’ असे लिहा.

तपासणीचा तक्ता मिळवा आणि वाचा

सगळे अपील इथे जिंकले किंवा हरले जाते. सुरुवातीला मीही इथेच अडकायचे, कारण हा तक्ता मागायचा असतो हे मला कुणी सांगितलेच नव्हते.

दाखला नाकारला तर कारण लेखी देणे मंडळाला बंधनकारक आहे. पण त्या कागदावर बहुधा एकच ओळ असते, ‘40 टक्क्यांपेक्षा कमी’. तेवढ्यावर अपील उभे राहत नाही. ती टक्केवारी कशी काढली, तो कागद हवा. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागाकडे साधा अर्ज करा, पोहोच घ्या. दिला नाही तर माहिती अधिकारात मागा: 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर, 30 दिवसांची मुदत. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. त्यात कहाणी लिहू नका. ‘अमुक तारखेच्या माझ्या अपंगत्व तपासणीचा पूर्ण तक्ता आणि केसपेपरची प्रत मिळावी’ एवढे पुरे.

तक्ता आला की कोणता रकाना मोकळा आहे ते शोधा. हातापायाच्या अपंगत्वात फक्त सांधा किती अंश वळतो एवढेच मोजायचे नसते. स्नायूंची ताकद वेगळी मोजतात, रोजची कामे वेगळी. हातासाठीच्या यादीत हाताने जेवणे, वेणी घालणे, बटण लावणे, नाडी बांधणे, लिहिणे अशी कामे आहेत. पायासाठी चढावर चालणे, जिना, एका पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे. गर्दीच्या दिवशी रांग संपवायची घाई असते आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते.

खानापूर तालुक्यातल्या एका गवंड्याचे सांगते. परांचीवरून पडून त्यांचे उजवे कोपर मोडले होते. तक्त्यात खांदा आणि कोपर नीट अंशांत मोजलेले. पकड आणि बोटांची संवेदना या रकान्यांत मात्र आडवी रेघ. त्यांची करंगळी आणि अनामिका तळव्याकडे वळून घट्ट झाली होती. बोटाला चुन्याने भाजले तरी कळायचे नाही. चहाचा कप ते डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या हाताने नुसता टेकवायचे. हे सगळे त्या रेघेखाली गेले. नसांची तपासणी करून हातांच्या सर्जनचा अहवाल आणला, त्यात पकड आणि संवेदना दोन्ही मोजून लिहिली, आणि फेरतपासणीत चाळिशी पार झाली.

तक्त्यात चूक शोधायची दुसरी जागा म्हणजे एकापेक्षा जास्त अपंगत्व. पाय अधू आणि ऐकूही कमी येते, अशा माणसाची एकाच डॉक्टरकडे तपासणी झालेली असते. दोन टक्केवारींची सरळ बेरीज होत नाही, एका सूत्राने त्या एकत्र करतात. 30 आणि 20 असतील तर 50 होत नाहीत, पण 40 च्या वर जातात. दुसरी तपासणी झालीच नसेल तर अपिलाचे कारण तेच.

‘उपचार चालू आहेत, नंतर या’ असा शेरा असेल तर भांडू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ‘उपचार पूर्ण, आता सुधारणेची शक्यता नाही’ असे लेखी घ्या.

अपिलाचा अर्ज

दारिद्र्य, कर्ज, लहान मुले, म्हातारी आई, हे या अर्जात लिहू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ मसुद्यांत तेच असते. ते सगळे खरे असते आणि वाचताना जीव तुटतो, पण मंडळाला गरिबीवर टक्केवारी वाढवताच येत नाही, मग त्यांना अर्ज बाजूला ठेवावा लागतो. उत्पन्नाची बाब तहसीलदारापुढची. इथे असे लिहा: ‘तक्त्यात पकड व संवेदना यांची नोंद नाही. सोबत अमुक तारखेचा अहवाल जोडला आहे. या दोन बाबींची तपासणी करून टक्केवारी पुन्हा ठरवावी.’ अहवालाशिवाय ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहिलेले अपील देऊ नका. मिरज-कोल्हापूरच्या खाजगी दवाखान्याचा अहवाल पुरावा म्हणून चालतो, पण तो म्हणजे दाखला नव्हे.

भाषेबद्दल माझे मत पक्के आहे. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणे मराठीतून मांडण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो सोडू नये. पण ज्याचा पगार अडला आहे त्याच्या खांद्यावर ही लढाई टाकू नका. वर कन्नड अर्ज, खाली त्याचीच मराठी प्रत, दोन्हींवर सही. प्रत्येक पानावर पोहोच, नाहीतर स्पीड पोस्ट.

फेरतपासणीचा दिवस

जुने कागद तारखेने लावा. चष्मा असेल तर न्या, नजर चष्म्यासकट तपासतात.

आपल्या माणसांना साहेबापुढे ‘जमत नाही’ म्हणायची लाज वाटते. डॉक्टर विचारतात, ‘चालता येते का?’ उत्तर येते, ‘व्हय, चालतंय की.’ केसपेपरवर ‘स्वतंत्रपणे चालतो’ असे उतरते आणि त्याच कागदावर सगळे ठरते. खरे उत्तर असते, ‘काठी धरून गल्लीच्या टोकापर्यंत, मग बसावे लागते, जिना चढता येत नाही.’ घरून हे बोलण्याचा सराव करून जा. बायकांना तर मी दोनदा बजावते, कारण ‘करते की हळूहळू’ हे त्यांच्या तोंडात बसलेले असते. वाढवून सांगू नका, कमीही करू नका. कन्नड नीट येत नसेल तर कन्नड येणारा शेजारी सोबत न्या, पण उत्तर त्याने नाही, तुम्ही द्यायचे.

आवाराबाहेर टक्के वाढवून देणारे एजंट भेटतील. खोट्या दाखल्यावर लाभ घेणे हा त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 खाली गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पकडला जातो तो दाखला वापरणारा.

उत्तर आले नाही तर

बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे पोहोचेच्या प्रतींसह तक्रार करा. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

नवा दाखला मिळाल्यावर तो नाडकचेरीत देताना जुन्या अर्जाचा नंबर आणि नामंजुरीची तारीख अर्जात लिहा. टक्केवारी 75 च्या पुढे गेली असेल तर तेही पहिल्याच ओळीत नमूद करा, त्यासाठी पगाराची रक्कम वेगळी आहे.