स्कॅन जोडताना आकार जुळत नाही? या चुका टाळा

मोठा नकाशा ए-४ स्कॅनरवर चार तुकड्यांत स्कॅन केला, तुकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि रेघा काही जुळेनात. एका टोकाला रस्ता बरोबर बसतो, दुसऱ्या टोकाला तोच रस्ता मिलिमीटरभर सरकलेला. अशा वेळी हात आपोआप इमेज साइझकडे वळतो आणि चारही प्रतिमा एकाच मापाच्या केल्या जातात: रुंदी २४८० पिक्सेल, उंची ३५०८. मीही तेच केलं होतं. थोडं बिघडलेलं काम त्यानं पुरतं बिघडलं.

जुळवायचं असतं ते प्रमाण. मूळ कागदावरचा एक सेंटिमीटर प्रत्येक तुकड्यात तेवढ्याच पिक्सेलमध्ये यायला हवा. ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल) तो साधारण ११८ पिक्सेल होतो. एक तुकडा अख्ख्या काचेचा आणि दुसरा अर्ध्याच काचेचा असला तरी काही बिघडत नाही. पण तो अर्धा तुकडा ताणून पहिल्याएवढा केला, की त्यातली अक्षरं एका दिशेनं दुप्पट लांब होतात. मग ती कशालाच जुळत नाहीत.

प्रमाण डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. दोन तुकड्यांत जो भाग सामाईक आहे, त्यात ठळक दिसणाऱ्या दोन खुणा निवडा: रेघांचा छेद, एखाद्या अक्षराचं टोक. मापनपट्टीच्या साधनानं दोन्ही तुकड्यांत त्यांच्यातलं अंतर बघा. समजा पहिल्यात १८४२ पिक्सेल भरलं आणि दुसऱ्यात १८५६. १८४२ भागिले १८५६ म्हणजे ०.९९२५, म्हणून दुसरा तुकडा ९९.२५ टक्के करायचा. हा १४ पिक्सेलचा फरक ३०० डीपीआयला कागदावर जवळजवळ १.२ मिलिमीटर होतो. रस्ता सरकलेला दिसतो तो यामुळेच. खुणा जितक्या दूर तितकं बरं. मोजताना दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले, तर २०० पिक्सेलच्या अंतरात एक टक्क्याची चूक होते, १८०० च्या अंतरात जेमतेम ०.१ टक्क्याची.

आलेला आकडाच बरंच काही सांगतो. तो बरोबर दोन किंवा अर्धा असेल, तर एक तुकडा ६०० डीपीआयला आणि दुसरा ३०० ला स्कॅन झालाय. शक्य असेल तर पुन्हा स्कॅन करा, नाहीतर मोठा लहान करा. लहान मोठा केला तर तो पुसट दिसतो. फरक एक टक्क्याच्या आसपास असेल, तर कागद काचेवरून उचलला गेला होता का ते आठवा. कागद मोठा असला की तो काचेच्या कडेच्या चौकटीवर चढतो. सीसीडी स्कॅनरमध्ये (भिंगातून प्रतिमा घेणाऱ्या) असा उचललेला भाग किंचित लहान येतो, सीआयएस स्कॅनरमध्ये (सेन्सर काचेला अगदी लागून असलेल्या) तो धूसर होतो. झाकण निघत असेल तर काढून ठेवा आणि कागदावर सपाट वजन ठेवा.

आडव्या आणि उभ्या दिशेचे आकडे वेगवेगळे आले, तर बहुधा कागद मधेच ९० अंशांत फिरवलेला असतो. स्कॅनरमध्ये एका दिशेचं माप सेन्सर ठरवतो आणि दुसऱ्या दिशेचं मोटरची चाल, आणि ही दोन्ही तंतोतंत सारखी असतीलच असं नाही. सगळे तुकडे एकाच दिशेनं स्कॅन करा. १८० अंशांत फिरवलेला कागद मापाला चालतो, मात्र सुरकुत्यांच्या सावल्या उलट बाजूला पडतात.

आता डीपीआयचा घोळ. इमेज साइझमध्ये रिसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलणारा पर्याय) बंद ठेवून ६०० चं ३०० केलं, तर बदलते ती फक्त फाइलमधली नोंद. पिक्सेल आहेत तेवढेच राहतात आणि जोडणारं सॉफ्टवेअर पिक्सेलच बघतं. कॅनव्हास साइझचंही तसंच. त्यानं भोवती मोकळी जागा वाढते किंवा कडा कापल्या जातात, चित्राचं माप बदलत नाही.

खरी खोडी बहुतेकदा स्कॅनरच्या स्वयंचलित सोयी करतात. ऑटो क्रॉप प्रत्येक तुकडा वेगळ्या ठिकाणी कापतो, तिरपेपणा सुधारणारी सोय प्रत्येकाला वेगळ्या कोनात फिरवते, टार्गेट साइझ ए-४ वर असली की तुकडा त्या मापात बसवला जातो. सगळं बंद करा आणि स्केल १०० टक्के ठेवा. ऑटो एक्स्पोजरही बंद, नाहीतर जोडावर रंगाचा पट्टा दिसतो. मोबाइलच्या स्कॅन अॅपनं काढलेले तुकडे तर मी जोडायला घेतच नाही: ते कागदाच्या कडा शोधून प्रत्येक फोटो चौकोनात ताणतं, त्यामुळे एका तुकड्याचं प्रमाण दुसऱ्याशी जुळण्याची खात्री नाही. स्कॅनरनं पीडीएफ दिली असेल, तर तिचा स्क्रीनशॉट न घेता आतली मूळ प्रतिमा बाहेर काढा.

माप बदलणं आणि फिरवणं एकाच खेपेत उरका. प्रत्येक खेपेला पिक्सेल नव्यानं मोजले जातात आणि बारीक रेघा मऊ पडत जातात. मधल्या फाइल टिफ (TIFF) प्रकारात ठेवा. सारख्या जेपीजी करत राहिलात तर अक्षरांभोवती घाण जमते.

प्रमाण जुळल्यावरही जोडताना एक चूक राहते. ही सॉफ्टवेअरं कॅमेऱ्याचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात. फोटोशॉपच्या फोटोमर्ज या जोडण्याच्या सोयीत पर्स्पेक्टिव्ह किंवा सिलिंड्रिकल निवडलंत, तर सपाट कागद वाकतो. रिपोझिशन निवडा, ते तुकडे नुसते सरकवतं. थोडं फिरवायची गरज असेल तर कोलाज, पण ते मापही बदलू शकतं, म्हणून नंतर दोन खुणांमधलं अंतर पुन्हा तपासा. हगिन (Hugin) या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेघा सरळच ठेवणारं रेक्टिलिनिअर प्रोजेक्शन ठेवा आणि दृश्यकोन १० अंशांसारखा लहान द्या.

एवढं करूनही एक-दोन पिक्सेलची तफावत उरलीच, तर लेयर मास्कनं (वरच्या तुकड्याचा नको तो भाग झाकणारं साधन) जोडाची रेघ कोऱ्या जागेतून फिरवून न्या, अक्षरांच्या मधून नको.